टाचेच्या रक्तात टीएसएच जास्त, शिवाय पावसाळ्यात कार्डं रिजेक्ट: काय तपासावं?

सिस्टर_दापोली: नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बाळंतिणींना दुसऱ्याच दिवशी घरी जायची घाई असते, म्हणून आमच्याकडे बाळाच्या टाचेचं रक्त बरेचदा २० तासांच्या आसपास घेतलं जातं. रक्ताचे थेंब टिपलेलं कागदी कार्ड बाहेरच्या लॅबला जातं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) २५ ते ३० असे रिपोर्ट वारंवार येतात. एवढ्यावर आईबापांना थायरॉइडचं सांगायचं का? दुसरं म्हणजे पाऊस लागल्यापासून कार्डं परत येण्याचं प्रमाण वाढलंय. नेमकं काय बिघडतं?

बाल_एंडोक्राइन: २० तासांच्या टीएसएचवरून काहीच ठरवू नका. जन्मल्यावर बाहेरचा गारवा लागला की अर्ध्या तासात टीएसएच ६०-८० पर्यंत उसळतो आणि पुढचे दोन-तीन दिवस उतरत राहतो. रक्त ४८ ते ७२ तासांत घ्या. डिस्चार्ज लवकर होत असेल तर तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहून द्या.

४८ तासांनंतर सीरमच्या (पेशी आणि गुठळी काढून उरलेल्या पाण्याच्या) हिशेबात २० च्या वर गेलं तर दखल घ्यायची. २० ते ४० मध्ये असेल तर सातव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा नमुना. ४० च्या वर असेल तर थांबायचं नाही, लगेच शिरेतून रक्त घेऊन टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन). थायरॉइडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन) लागलीच तर रोज किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, आणि ती पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू व्हायला हवी. उशिराची किंमत बाळाचा मेंदू मोजतो.

आधी लॅबला फोन करून एकच विचारा: आकडा होल ब्लडचा (पेशींसकट अख्ख्या रक्ताचा) की सीरमचा? होल ब्लडचे १० म्हणजे सीरमचे साधारण २२. निम्मा गोंधळ इथेच असतो.

डिलिव्हरीत किंवा नाळेवर बीटाडीन सढळ हाताने वापरत असाल तर तेही बंद करा. त्यातलं आयोडीन कातडीतून आत जातं आणि टीएसएच खरोखरच वाढतो.

कार्ड_लॅबवाला: आमच्या टेबलावर येणारी खराब कार्डं बहुतेक पिळलेल्या टाचेची असतात. टाच पिळली की पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळतं, तांबड्या पेशी फुटतात, आकडे खोटे येतात. त्यापेक्षा टाच तीन-चार मिनिटं कोमट ओल्या फडक्याने शेका, पाय खाली लोंबता ठेवा, टाचेच्या बाजूला टोचा (मधोमध नाही, तिथे हाड जवळ असतं). लॅन्सेट (टोचणी) २ मिमीचं पुरे. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, नाहीतर डागाभोवती फिकट कडं उमटतं. पहिला थेंब कोरड्या गॉझने पुसून टाका. मग मोठा थेंब लोंबू द्या, कागद फक्त त्याला टेकवा. एका थेंबात वर्तुळ भरून मागच्या बाजूला पाझरलं पाहिजे. भरलं नाही म्हणून त्यावरच दुसरा थेंब टाकला की ते कार्ड गेलं. पुढचं वर्तुळ घ्या.

ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमधलं रक्त कार्डावर कधीच सोडू नका. युरोपियम या धातूची चमक मोजणाऱ्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि १७-ओएचपी (अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजारासाठी तपासतात ते हार्मोन) खोटं जास्त दिसतं. म्हणजे आजारी बाळ सुटतं आणि निरोगी बाळाच्या घरचे धावत येतात.

सिस्टर_दापोली: पिळण्याचं कळलं. पण पावसाळ्यातच का वाढतं?

कार्ड_लॅबवाला: कार्ड वाळतच नाही. आडवं, अधांतरी, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं निदान ३-४ तास ठेवा; ऊन, हीटर, ड्रायर नको. डाग लाल न राहता चॉकलेटी झाला की वाळला. ओलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं तर बुरशी धरते, आणि जी६पीडी एन्झाइम (तांबड्या पेशींना जपणारं) दमटपणात मरतं, मग चांगल्या बाळालाही कमतरता दिसते. कागदी पाकिटात घाला, बाहेरून सीलबंद पिशवीत सिलिका जेल टाका, आणि २४ तासांत पाठवा. आठवड्याची कार्डं साठवून एकदम पाठवायची सवय मोडा.

बाल_एंडोक्राइन: एक राहिलं. एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाला रक्त चढवायचं असेल तर वय कितीही असो, कार्ड आधी घ्या. नंतर जी६पीडी दात्याचं दिसतं. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांचं टीएसएच दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करा, पहिलं नॉर्मल आलं असलं तरी. त्यांचा टीएसएच उशिरा वाढू शकतो.