यामाहा आरएक्स १००: नवा स्वस्त कार्ब की जुन्याचीच दुरुस्ती?

आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाइकचा मूळ मिकुनी कंपनीचा कार्ब (कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) झिजलाय म्हणून स्वस्तातला नकली बसवावा का, असं एकाने विचारलंय आणि बहुतेकांनी 'बसवा, चालतो' म्हटलंय. चालतो हे खरं, पण टू-स्ट्रोकमध्ये एवढ्यावर भागत नाही. नकली कार्बच्या जेटवर (ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल मोजून येतं तो भाग) छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष भोक यांचा मेळ बसेलच असं नाही. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर गाडी सुरुवातीला उलट हलकी, तडफदार वाटते, आणि मग हायवेवर फुल थ्रॉटलला पिस्टन जाम होतो. नव्या बोअरचा (सिलिंडर कोरून नवा पिस्टन बसवण्याचा) खर्च कार्बच्या कितीतरी पट.

माझं मत: आधी जुना कार्ब उघडून बघा. नीडल, नीडल जेट, फ्लोट व्हॉल्व्ह, गॅस्केट हे सगळे आतले सुटे भाग बदलता येतात. स्लाइड (थ्रॉटल पिळला की कार्बमध्ये वर सरकणारा तुकडा) बोटाने हलवून पाहा. ती बॉडीत खडखडत असेल आणि नव्या स्लाइडनेही फरक पडत नसेल, तरच बॉडी संपली समजा. इंजिनकडच्या रबरी जोडाला चिरा आहेत का तेही पाहा, कारण तिथून हवा ओढली तरी आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं मंद फिरणं) वरखाली होतं आणि दोष उगाच कार्बवर येतो.

नकलीच घ्यावा लागला, तर जुने चांगले जेट त्यात बसतात का बघा. इंजिनला टू-टी ऑइल पुरवणाऱ्या ऑइल पंपाच्या केबलची खूण पुन्हा जुळवा, हे फार जण विसरतात. मग जोरात चालवून लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. पांढरा दिसला तर मिश्रण पातळ आहे, मेन जेट (फुल थ्रॉटलला पेट्रोल देणारा) मोठा घाला, तोवर गाडी ताणू नका.