लोखंडी नांगर: लक्ष्मणराव किर्लोस्करांना शोधक म्हणायचं की नाही?

तासगावकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. लेकीच्या शाळेत शोधक आणि उद्योजक या विषयावर प्रोजेक्ट होता, प्रत्येकानं एक माणूस निवडायचा. बाकीच्यांनी एडिसन, ग्रॅहम बेल, हेन्री फोर्ड घेतले, हिनं लक्ष्मणराव किर्लोस्कर घेतले कारण आमच्या गावच्या गोठ्यात आजोबांच्या वेळचा लोखंडी नांगर अजून पडलेला आहे आणि सुट्टीत गेली की ती त्याच्यावर बसून खेळायची. शाळेत तिला सांगितलं गेलं की हे उद्योजक आहेत पण शोधक नाहीत, लोखंडी नांगर विलायतेत आधीच होता, त्यांनी तो बघून केला. पोरगी हिरमुसून घरी आली. मी तिला समजवायला बसलो आणि लक्षात आलं की मला पण नीट उत्तर येत नाही.

तर दोन प्रश्न. एक, ते म्हणणं बरोबर आहे का? दुसरा, लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते अशी भीती शेतकऱ्यांना वाटायची आणि पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली असं सगळीकडं वाचायला मिळतं. पण लाकडी नांगराला पण फाळ लोखंडाचाच असायचा ना? मग भीती नेमकी कशाची? जाणकारांनी सांगावं, शेती केलेल्यांनी तर नक्कीच.

जुनी_कात्रणं

दादा, आधी लेकीला शाबासकी द्या, माणूस चांगला निवडलाय.

शाळेतलं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लोखंडी नांगर आधी होता. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या न्यू जर्सीच्या माणसानं १७९७ साली बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नांगराचं पेटंट घेतलं होतं. आणि गंमत बघा, तिथले शेतकरी पण हेच म्हणाले, लोखंडानं जमिनीत विष उतरतं आणि तण माजतं! म्हणजे आपल्याकडचे शेतकरी अडाणी होते म्हणून घाबरले हे जे आपण सर्रास बोलतो ते खरं नाही, शंभर वर्षं आधी दुसऱ्या खंडातल्या गोऱ्या शेतकऱ्याला तीच भीती वाटली होती. पुढं १८१९ मध्ये जेथ्रो वूडनं सुट्या भागांचा बिडाचा नांगर केला, झिजला तो भाग बदलायचा, आख्खा नांगर टाकायचा नाही. मग १८३७ मध्ये जॉन डीअर. इलिनॉयची जमीन चिकट, बिडाच्या नांगराला माती बसायची, चार पावलं गेलं की थांबून खरवडायची, म्हणून त्यानं करवतीच्या मोडक्या पात्यापासून गुळगुळीत पोलादी पातं बनवलं, त्याच्यावरनं माती आपोआप घसरायला लागली. आता यातल्या कुणी नांगराचा शोध लावला? कुणीच नाही. प्रत्येकानं आपल्या मातीची अडचण सोडवली. लक्ष्मणरावांना त्याच रांगेत बसवायला माझी काही हरकत नाही.

त्यांचा प्रवास थोडक्यात लिहितो, प्रोजेक्टला उपयोगी पडेल. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूलला गेले, तिथं कळलं की काही रंग नीट ओळखता येत नाहीत. मग यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. बढतीच्या वेळी डावललं तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथं भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतं, नुसत्या विकायचे नाहीत तर चालवायला पण शिकवायचे. मग कडबा कापायचं यंत्र आणि त्यानंतर नांगर.

काळी_जमीन

भीतीच्या प्रश्नावर मी बोलतो, कारण माझ्या घरात दोन्ही नांगर चाललेले मी पाहिलेत.

तुमचा मुद्दा अगदी बरोबर, लाकडी नांगराला फाळ लोखंडाचाच. पण लाकडी नांगर माती फाडतो, उलटवत नाही. बाभळीचं खोड, पुढं फाळ, वर हातात रुमणं, तास पडतं पण खालची माती खालीच राहते. लोखंडी नांगराला पंख असतो, त्या पंखावरनं मातीची लादी सरकत वर येते आणि पालथी पडते. बापजाद्यांनी कधी न बघितलेली माती एकदम वर. जमीन खोल काळी असेल तर सोनं, पण हलकी असेल, वीतभर मातीखाली मुरूम असेल तर कच्ची माती आणि मुरूम वर येतो आणि पुढचं साल दोन साल पीक मार खातं. आता ज्या माणसाकडं चार एकरच आहे आणि घरात खाणारी दहा तोंडं आहेत तो बघणार की ज्या रानात नवा नांगर फिरला तिथली ज्वारी पिवळी पडली. त्याला तो विष म्हणणार नाही तर काय म्हणणार? शब्द चुकीचा असेल पण त्याचे डोळे चुकीचे नव्हते.

मग लोकांनी घेतला का? हरळीमुळं. ज्याच्या रानात हरळी किंवा कुंदा असलं चिवट तण घुसलंय त्यालाच माहीत. खुरपून जात नाही, कुळवानं तर उलट तुकडे होऊन पसरते. तिच्या मुळ्या खोल जातात. लोखंडी नांगरानं उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ही एवढी गुडघ्याएवढी ढेकळं निघायची, त्यात हरळीच्या काशा अडकलेल्या, आणि चैत्र-वैशाखाचं ऊन त्या उघड्या मुळ्यांवर पडलं की जाळून काढायचं. पडीक पडलेली रानं परत वहितीला आली ती अशी.

पण ते दोन बैलांचं काम नव्हे. आमच्यात तीन जोड्या जुंपायचे, कधी चार. एवढे बैल एका घरात कुठले, म्हणून पैरा करायचा, आज तुझ्या रानात उद्या माझ्या रानात. पहाटे चांदणी असताना औत धरायचे, पुढच्या जोडीवर एक पोरगं हाकायला बसायचं, ते पोरगं मी होतो. मागं वळून बघितलं की काळ्या मातीची ओली लादी पंखावरनं चकाकत पडताना दिसायची आणि वास असा यायचा की अजून आठवतो.

बिडाचा_माणूस

मी ३० वर्षं फाउंड्रीत काढली, कोल्हापूर भागात. शोध की नक्कल यावर ओतशाळेतनं बोलतो.

नांगर समोर ठेवून तसाच दुसरा करायचा म्हणजे सोपं वाटतं. करून बघा म्हणावं. फाळ मऊ ओतला तर आठ दिवसात बोथट, कडक ओतला तर पहिल्या दगडाला काचेसारखा तुटतो. बीड भट्टीतनं काढून वाळूच्या साच्यात ओतलं तर ते सावकाश गार होतं आणि आतनं राखाडी राहतं, कानस लागते त्याला. पण साच्यात त्याच जागी लोखंडाचा तुकडा बसवला, आम्ही त्याला चिल म्हणतो, तर तिथं रस झटक्यात गार होतो आणि वरचा थर पांढरा, काचेसारखा कडक होतो, कानस नुसती घसरते. असं कास्टिंग फोडून हातात घेतलं ना की कडेला पांढरी चकचकीत पट्टी आणि आत राखाडी दाणा, एकाच तुकड्यात दोन धातू असल्यासारखं. इंग्लंडात रॅन्सम नावाच्या ओतकाम करणाऱ्यानं १८०३ मध्ये हेच फाळात वापरलं, खालची बाजू कडक आणि वरची मऊ, मग चालता चालता वरची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप लागत राहते. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्या माणसाला मनातनं हात जोडले.

आता हे सगळं ज्या गावात वीज नाही, कोक लांबनं येणार, पिढीजात ओतारी नाही, तिथं उभं करायचं. माळावरनं माणसं गोळा करून त्यांना मोल्डिंग शिकवायचं, आणि शंभर नांगर ओतले तर शंभराव्याला पहिल्याचा फाळ बसला पाहिजे. ही शेवटची गोष्ट लोक धरतच नाहीत. सुताराच्या नांगराला माप त्याच्या हातात असायचं, प्रत्येक नांगर वेगळा. कारखान्याच्या नांगराचा फाळ झिजला तर शेतकऱ्यानं बाजारात जाऊन नवा आणायचा, दोन बोल्ट सोडायचे, बसवायचा, झालं. आमच्या भागात आजही पोरं म्हणतात पार्ट बदल, त्या सवयीची सुरुवात इथनं आहे.

आणि पहिल्या महायुद्धात लोखंड यायचं बंद झालं तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. तोफेचं बीड आणि नांगराचं बीड यात काय काय फरक पडला असेल, किती हीट, म्हणजे भट्टीतले रस, वाया गेल्या असतील, हे मला रात्री झोपताना पण सुचतं. कोळसा मिळेना तेव्हा लोणारी म्हणजे लाकडाच्या कोळशावर भट्टी चालवली म्हणतात, ज्यानं भट्टी चालवलीय त्याला विचारा ते काय काम आहे.

कृष्णाकाठची

बिडाचा_माणूस काका, खूप छान लिहिलंत, सेव्ह करून ठेवलं.

माझं माहेर किर्लोस्करवाडीच्या जवळ, पलूस तालुक्यात. मला वाटतं वाडीचा विषय सोडून नांगराचं कौतुक पूर्ण होत नाही. बेळगावात जागेवरनं म्युनिसिपालिटीनं हलवलं, हातात यंत्रं आणि ठेवायला जागा नाही. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जागा दिली आणि बिनव्याजी कर्ज पण दिलं. १९१० साल. जागा म्हणजे काय तर निवडुंग, दगड आणि साप. पण शेजारनं रेल्वे जात होती हे महत्त्वाचं, बीड आणायला आणि नांगर पाठवायला. आज स्टेशनाचं नाव पण किर्लोस्करवाडी आहे.

आणि बरोबर कोण माणसं होती ते बघा. शंभूअण्णा जांभेकर इंजिनं बघायचे, रामुअण्णा वसाहतीची घरं, पाणी, झाडं, मंगेशराव रेगे हिशेब, अनंतराव फळणीकर हे शाळेत न रमलेले पण यंत्रात डोकं असलेले. आणि राखणीला कोण, तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, पूर्वी दरोड्यांसाठी शिक्षा भोगून आलेले. त्यांच्यावर विश्वास टाकला आणि त्यांनी तो राखला. लेकीच्या प्रोजेक्टमध्ये हे नक्की घाल म्हणावं. एकट्याच्या डोक्यातनं वीज चमकली असं शोधाचं चित्र पुस्तकात असतं, पण इथं एक गावच्या गाव मिळून वस्तू बनवत होतं.

१९२० मध्ये किर्लोस्कर खबर नावाचं छोटं मासिक निघालं, ते आधी कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला होतं. माझ्या आजीनं वाचायची गोडी त्याच मासिकांतनं लावून घेतली, पुढं स्त्री मासिक आलं ते तर घरात जपून ठेवलेलं असायचं. नांगराच्या कारखान्यातनं बायकांचं मासिक निघतं हे मला कायम विलक्षण वाटत आलंय.

काळी_जमीन

ताई बरोबर. फक्त एक बाजू राहिली ती टाकतो. नांगर लोखंडी झाला तसं सुताराचं काम गेलं. आमच्या गावात नांगर, कुळव, पाभर सगळं सुतार करायचा आणि सुगीला बलुतं न्यायचा. लोहाराचं तसं बरं चाललं कारण फाळ पाजवायला लोक त्याच्याकडं यायचेच. पण सुतार हळूहळू शहराकडं गेले. हे लिहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. लक्ष्मणरावांचा दोष म्हणत नाही मी, पण किंमत कुणीतरी दिली.

जुनी_कात्रणं

मान्य, आणि लिहिलंत ते बरं केलं.

एक जोडतो. नांगरात ते एकटे राहिले नाहीत. साताऱ्याचे धनजीशा कूपर पण लोखंडी नांगराच्या धंद्यात उतरले, सातारा रोडला त्यांचा कारखाना होता, आणि पुढं १९३७ मध्ये थोडे महिने हेच कूपर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसं म्हणायचे. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत जी वस्तू कुणी फुकट घेईना तिच्यावरनं चढाओढ लागली. शोधाची खरी परीक्षा मला तरी यातच दिसते, दुसऱ्याला तीच वस्तू करावीशी वाटली.

आणि नांगरानंतर उसाचा रस काढायचे चरक, पंप, मग १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांची कंपनी. विहिरीवरची मोट बंद होऊन इंजिनाचा फटफट आवाज आला तो पुढचा टप्पा, त्यावर वेगळा धागा काढू.

तासगावकर_पुण्यात

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक उत्तर लेकीला वाचून दाखवलं. न्यू जर्सीचे शेतकरी पण घाबरले होते हे ऐकून तिला फार बरं वाटलं, आता तिनं प्रोजेक्टला दोन भाग केलेत, एक नांगर आधी कुठं कुठं होता आणि दुसरा तो इथं करायला काय काय लागलं. शोधक हा शब्द तिनं ठेवलाय, खोडणार नाही म्हणाली. सुतारांचं पण एक पान घातलंय.

काल रविवारी आम्ही गावी जाऊन आलो. गोठ्यातनं नांगर बाहेर काढायला तिघं लागलो. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन तासभर घासला, पंखावरचा गंज निघाला आणि खालनं निळसर चकाकी आली, एका बाजूला घासून घासून आरसा झालेली जागा अजून तशीच आहे. काळी_जमीन दादा, तुम्ही सांगितलेली लादी तिथनंच सरकत असणार. फाळ पार झिजलाय, अर्ध्याहून कमी राहिलाय. बिडाचा_माणूस काकांचं वाक्य डोक्यात होतं म्हणून पाना लावून बघितला. जरा जोर लागला, करकरला, पण दोन्ही बोल्ट सुटले.