वळवाला अवकाळी म्हणावं का?

मुलुंडहून, प्रश्न :
परवा संध्याकाळी पाचच्या सुमारास इथे आभाळ भरून आलं. आधी वारा सुटला, इतका की समोरच्या बाल्कनीतल्या चादरी चिमट्यांसकट उडाल्या. मग टपोरे थेंब, दोन-तीन कडकडाट, आणि वीस मिनिटांत सगळं शांत. रात्री पंखा चारवरून दोनवर आणावा लागला. टीव्हीवर एका बातमीत ‘अवकाळी’, दुसरीत ‘मान्सूनपूर्व सरी’, आणि फोनवर तर ‘गडगडाटी वादळ’. माझी आई साताऱ्याकडची. ती खिडकीत उभी राहून एवढंच म्हणाली, “वळीव आला.” मला तिचाच शब्द पटतो, पण मुलीने फरक विचारला तेव्हा नीट सांगता आला नाही. जाणकारांनी सांगावं.

दादरहून :
तुमच्या आईंचाच शब्द बरोबर आहे. अवकाळी म्हणजे ज्याची ती वेळ नव्हे असा. वळवाला स्वतःची वेळ आहे, चैत्र-वैशाखात, दुपार कलल्यावर. फेब्रुवारीत कोकणात आंबा मोहोरलेला असताना पाऊस पडला, मोहोर काळा पडला, करपा आणि तुडतुडे आले, तर तो अवकाळी. त्या शब्दात बागायतदाराचं नुकसान भरलेलं आहे. मे महिन्यातल्या प्रत्येक सरीला तोच शब्द लावला की तो बोथट होतो आणि वळीव हा शब्द मुलांच्या कानावरून नाहीसा होतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ‘मान्सूनपूर्व’ चुकीचा नाही, तो हवामानखात्याचा हिशेब आहे : मार्च ते मे हा त्यांचा मान्सूनपूर्व काळ. पण त्या शब्दाला मातीचा वास नाही.

मुलीला ओळखायची खूण सांगा : ढग कुठून येतात ते बघ. मोसमी पाऊस समुद्रावरून येतो. वळीव बहुतेक वेळा पूर्वेकडून, सह्याद्रीच्या बाजूने. दिवसभर जमीन तापते, घाटावर ढग उंच उभे राहतात आणि वरच्या थरातले पूर्वेचे वारे त्यांना खाली आपल्याकडे ढकलतात. म्हणून बदलापूर, कल्याण, ठाणे, मुलुंड इथे आधी आणि जोरात. कुलाब्यात त्याच वेळी लोक घाम पुसत असतात.

आणि वारा आधी का? ढगातून पडणाऱ्या पाण्याचा काही भाग वाटेतच सुकतो, त्याने भोवतालची हवा गार आणि जड होते, ती खाली आदळून चारी बाजूंना पसरते. तुमच्या बाल्कनीत पहिल्यांदा शिरली ती ही हवा. थेंब तिच्या मागून आले. ‘सोसाट्याचा वारा’ म्हणतात तो हाच. त्याला हलकं समजू नका. 13 मे 2024 ला घाटकोपरला फलक कोसळून 17 माणसं गेली, त्या दिवशी पावसाच्या आधी असाच वारा सुटला होता. त्या दुपारीला कुणी वळीव म्हटलं नाही, ‘धुळीचं वादळ’ म्हटलं, आणि तेच योग्य होतं.

वर्सोव्याहून :
वादळ शब्दाबद्दल आम्हा कोळ्यांचं ऐका. आमच्यात वादळ म्हटलं की होड्या आत आणायच्या. फोनवर रोज दुपारी ‘गडगडाटी वादळ’ दिसायला लागलं तर पोरं त्याकडे बघायचं सोडून देतील आणि खरं वादळ येईल त्या दिवशीही बघणार नाहीत. वीज, गडगडाट, पाऊस असेल तर तसं लिहा. परवा इथे पाऊस नाही, नुसतं मळभ आलं, तरी आईने बांबूंवर वाळत घातलेले बोंबील धावत जाऊन काढले. भिजले की त्यांना बुरशी धरते.

दादरहून :
अगदी बरोबर. हवामानखात्याच्या मराठी इशाऱ्यात ‘मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगाचा वारा’ असं सुटं करून लिहितात ते म्हणूनच बरं वाटतं. त्याच इशाऱ्यातला ‘तुरळक ठिकाणी’ मात्र फार फसवतो. तुरळक हे विशेषण ठिकाणांचं आहे, पावसाचं नाही. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या एकूण केंद्रांपैकी 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ याचा अर्थ थोड्याच जागी, पण धो धो. बातमीत त्याचं ‘तुरळक पाऊस’ होतं आणि लोक छत्री न घेता निघतात.

मुलुंडहून :
हे मला आजवर उलटंच वाटत होतं! अजून दोन शंका. ‘उद्या थंड तापमान राहील’ हे बरोबर का? आणि 2025 साली 26 मे लाच मुंबईत मान्सून आला. तो अवकाळी म्हणायचा का?

दादरहून :
तापमान थंड नसतं. ते उतरतं, घसरतं, कमी होतं. थंड असते ती हवा, आणि मे महिन्यातल्या मुंबईत तर तीही नाही. परवा रात्री तुम्हाला लाभला तो गारवा. ‘पारा दोन अंशांनी उतरला, हवेत गारवा आला’ असं लिहिलं की कुणालाही कळतं.

दुसरी शंका चांगली आहे. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख 11 जून. 2025 साली तो दोन आठवड्यांहून जास्त लवकर आला, पण समुद्रावरून आला, दिवसभर लागून राहिला, आपलाच मोसम घेऊन आला. तो वेळेआधी आलेला, अवेळी नव्हे. रात्रीच्या गाडीने यायचे पाहुणे सकाळच्या गाडीने आले तर त्यांना आगंतुक म्हणत नाहीत.

जाता जाता : वळीव पुल्लिंगी, आणि सामान्यरूप ‘वळवाचा’. ‘वळीवाचा पाऊस’ हल्ली छापून येतं, पण बोलताना कुणी तसं म्हणत नाही. तुमच्या आईंना विचारून बघा.