लोपर ब्राइटनंतर: कायद्याचा अर्थ खात्याने लावायचा की कोर्टाने?

कलमबहाद्दर

अमेरिकी सुप्रीम कोर्टाने २८ जून २०२४ रोजी लोपर ब्राइट खटल्यात १९८४ पासून चालत आलेला 'शेव्हरॉन' दंडक मोडीत काढला. दंडक असा होता: कायद्यातलं कलम संदिग्ध असेल आणि संबंधित केंद्रीय खात्याने काढलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायाधीशाने स्वतःचं मत बाजूला ठेवून खात्याचाच अर्थ मानायचा. ते आता बंद. खात्यांचा कारभार १९४६ च्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसीजर ॲक्टने (पुढे एपीए) बांधलेला आहे. कायद्याचे सगळे प्रश्न कोर्टाने ठरवायचे, हे त्याच्या कलम ७०६ मध्ये पहिल्यापासून लिहिलेलं आहे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी बोट ठेवलं ते नेमकं त्यावर.

खटला हेरिंग पकडणाऱ्या बोटींचा. बोटीवर सरकारी निरीक्षक नेणं बंधनकारक करता येतं, हे कायद्यात आहे. त्याचा खर्च (दिवसाला ७१० डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता) मालकाने द्यायचा, हे या मासेमारीपुरतं कायद्यात कुठेही नाही. मत्स्यखात्याने नियम काढून तो मालकाच्या माथी मारला. कायदा गप्प आहे, म्हणजे आम्हाला रान मोकळं, असा एकूण पवित्रा. आणि खालच्या कोर्टांनी तो चालवून घेतला!

माझ्या मते झालं ते योग्यच. नेट न्यूट्रॅलिटीचं (इंटरनेट कंपनीने सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवायचं, या नियमाचं) काय झालं ते आठवा. इंटरनेट जोडणी ही 'दूरसंचार सेवा' की 'माहिती सेवा', यावर दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये एक सांगितलं, २०१७ मध्ये उलटं, २०२४ मध्ये परत पहिलं. मधल्या काळात १९९६ च्या दूरसंचार कायद्यातलं त्याबद्दलचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं, बदललं ते व्हाइट हाउसमधलं माणूस. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने लोपर ब्राइटच्या आधारे एकच अर्थ ठरवून टाकला.

विरोधी मतं येऊ द्या. विशेषतः एच-४ ईएडी (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा कामाचा परवाना) आणि ओपीटी (परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतर मिळणारी तात्पुरती कामाची मुभा) यांवर याचा परिणाम काय, यावर.

बोस्टनकर

एकच अर्थ? कुठे? अमेरिकेत ९४ जिल्हा कोर्टं आणि १२ प्रादेशिक अपील कोर्टं आहेत. शेव्हरॉन होता तेव्हा निदान वॉशिंग्टनमधल्या खात्याचा अर्थ देशभर एकसारखा चालायचा. आता टेक्सासात एक आणि कॅलिफोर्नियात दुसरा, आणि सुप्रीम कोर्ट वर्षाला मोजकेच खटले घेणार.

आणि ज्ञानाचं काय? लोपर ब्राइटच्या आदल्याच दिवशी याच कोर्टाने ओहायो विरुद्ध ईपीए (पर्यावरण खातं) या खटल्याचा निकाल दिला. विषय धुरक्याला कारण ठरणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइड्सचा. न्या. गोरसच यांच्या निकालपत्रात पाच ठिकाणी 'नायट्रस ऑक्साइड' छापलं गेलं, म्हणजे दंतवैद्याकडचा हसवणारा वायू. नंतर दुरुस्त केलं म्हणा. पण हवेत कुठला वायू किती चालेल याचा शेवटचा शब्द कुणाचा असावा, हे त्यावरून ज्याने त्याने ठरवावं.

लोपर ब्राइट एकटा वाचूही नका. १ जुलै २०२४ ला कॉर्नर पोस्टचा निकाल आला. केंद्र सरकारवर दावा लावायची मुदत सहा वर्षं. ती नियम निघाल्यापासून नव्हे, तर त्या दावेदाराला झळ बसल्यापासून मोजायची, असं ठरलं. डेबिट कार्डावरच्या शुल्काचा नियम २०११ चा, नॉर्थ डकोटातला ट्रक थांबा उघडला २०१८ मध्ये, तरी दावा मुदतीत! ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या जिल्हा कोर्टाने तो नियमच रद्द ठरवला, अपिलापर्यंत स्थगिती दिली एवढंच. म्हणजे कितीही जुना नियम असो, एक नवी कंपनी काढा आणि कोर्टात जा.

तळटीप

दोघेही चुकीच्या खिंडीत लढताय. व्हिसाच्या नियमांचं भवितव्य शेव्हरॉनने क्वचितच ठरवलं. ठरवलं ते एपीएच्या कलम ५५३ ने, आणि ७०६ मधल्याच 'मनमानी' या कसोटीने.

५५३ ची वाट अशी. प्रस्तावित नियम फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापायचा. लोकांच्या हरकती-सूचना मागवायच्या. महत्त्वाच्या हरकतींना उत्तर देत, कारणांसह अंतिम नियम छापायचा. छापल्यापासून साधारणपणे ३० दिवसांनी तो लागू. हरकतींसाठी किती दिवस द्यायचे हे एपीएत लिहिलेलं नाही. ३० किंवा ६० देण्याचा प्रघात आहे, बहुतेक नियमांना किमान ६० द्यावेत असं १९९३ चा अध्यक्षीय आदेश १२८६६ सांगतो. पळवाट एकच मोठी: 'सबळ कारण'. प्रक्रिया पाळणं अव्यवहार्य, अनावश्यक किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर नियम आधी लागू, हरकती नंतर.

आता स्टेम ओपीटी (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांची वाढीव ओपीटी) घ्या. २००८ मध्ये १७ महिन्यांची मुदतवाढ आली ती अशीच, सबळ कारण दाखवून, कुणालाही न विचारता. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा कोर्टाने काय म्हटलं? कायद्याचा अर्थ लावताना शेव्हरॉन वापरून खात्याचा अधिकार मान्य केला, आणि नियम तरीही रद्द केला, कारण तातडी सिद्ध झाली नाही. विद्यार्थी एका रात्रीत रस्त्यावर येऊ नयेत म्हणून रद्दबातल होणं काही महिने पुढे ढकललं. खात्याने मग रीतसर प्रस्ताव काढला, सुमारे ५०,५०० हरकती-सूचना आल्या, आणि १० मे २०१६ पासून २४ महिन्यांचा नवा नियम लागू झाला. तो आजवर कोर्टात टिकला आहे.

याच्या उलट बाजूने २०२०. कामगार खात्याने ८ ऑक्टोबरला एच-१बीचे किमान वेतनस्तर त्याच दिवसापासून वाढवले. पहिला स्तर १७ व्या पर्सेंटाइलवरून ४५ व्यावर, चौथा ६७ वरून ९५ वर. कारण: कोविडची बेकारी. १ डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने नियम रद्द केला. बेकारी मार्चपासून दिसत होती, मग ऑक्टोबरपर्यंत गप्प का बसलात, हा साधा प्रश्न नडला. एच-१बीची लॉटरी पगारानुसार लावण्याचा जानेवारी २०२१ चा नियम तर त्याहून वरकरणी बाबीवर पडला: तो काढला गेला तेव्हाचे प्रभारी गृहसुरक्षा मंत्री १९९८ च्या रिक्त पदांच्या कायद्याप्रमाणे त्या पदावर नव्हतेच, असं कोर्टाने ठरवलं.

मेमो हा तिसरा प्रकार. इमिग्रेशन खात्याने फेब्रुवारी २०१८ च्या मेमोने क्लायंटच्या ऑफिसात जाऊन काम करणाऱ्या एच-१बीवाल्यांसाठी प्रत्येक करार, कामाचं वेळापत्रक वगैरे मागायला सुरुवात केली. काहींना मंजुरी इतक्या थोड्या मुदतीची मिळायची की मुदतवाढीचा अर्ज लगेचच भरायला लागावं. मार्च २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की हा मेमो नसून नियम आहे, आणि नियम करायचा तर ५५३ च्या वाटेने या. जूनमध्ये खात्याने मेमो मागे घेतला.

यातलं एकही प्रकरण शेव्हरॉनमुळे जिंकलं किंवा हरलं गेलं नाही.

कलमबहाद्दर

तळटीप यांचं प्रक्रियेबद्दलचं म्हणणं मान्य, पण एच-४ ईएडीचा खटला त्यांनी सोडला, आणि तो माझ्या बाजूचा आहे. नियम २०१५ चा: ज्या एच-१बीधारकाचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर आहे, किंवा ज्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली आहे, त्याच्या जोडीदाराला कामाचा परवाना. विरोधकांनी लगेच दावा लावला. लोपर ब्राइटनंतर आता हे गेलंच, असा कल्लोळ व्हॉट्सॲपवर झाला होता. २ ऑगस्ट २०२४ ला डीसी सर्किटने (वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने) नियम कायम ठेवला. कारण त्याच कोर्टाने २०२२ मध्ये ओपीटीच्या खटल्यात कायदा स्वतः वाचून निष्कर्ष काढला होता, शेव्हरॉनच्या कुबड्या न घेता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाही नकार दिला. म्हणजे अर्थ एकदा कोर्टाने ठरवला की पुढच्या सरकारला तो लहरीनुसार फिरवता येत नाही. डोक्यावर टांगती तलवार नको असेल तर हेच बरं.

बोस्टनकर, ज्ञानाचा मुद्दा. कायद्यानेच जिथे 'योग्य', 'वाजवी' असे शब्द वापरून खात्यावर सोपवलं आहे, तिथे कोर्टाने फक्त मर्यादा आखायची आणि निर्णय विचारपूर्वक झाला का ते पाहायचं, असं लोपर ब्राइटमध्येच लिहिलं आहे. शेव्हरॉनखाली दिलेले जुने निकालही तेवढ्या कारणाने उलटत नाहीत.

बोस्टनकर

तलवार गेलेली नाही, म्यान बदललं आहे. एच-४ ईएडी 'टिकला' म्हणजे खात्याला अधिकार आहे एवढंच ठरलं. तो अधिकार वापरलाच पाहिजे असं नाही. उद्या खात्याने ५५३ च्या वाटेने प्रस्ताव काढून नियम मागे घेतला, तर कोर्ट फक्त कारणं तपासेल. १९८३ च्या स्टेट फार्म खटल्यापासून (मोटारीतल्या एअरबॅगचा नियम घाईने मागे घेतला म्हणून सरकार हरलं होतं) कसोटी तीच आहे. कारणं नीट लिहिली की काम फत्ते.

सरळसोट

प्रक्रियेची आरती चालली आहे, पण तिची किंमत कुणी सांगत नाही. महत्त्वाचा नियम असला की हरकतींच्या आधी एकदा आणि नंतर एकदा व्हाइट हाउसच्या ओआयआरए या कार्यालयाची तपासणी, प्रत्येक वेळी ९० दिवसांपर्यंत. फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने स्वायत्त आयोगही या चाळणीखाली आणले. नियमात नवा फॉर्म असेल तर पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट निराळा: दहा किंवा जास्त लोकांना तेच प्रश्न विचारायचे असतील तर मंजुरी क्रमांक हवा, त्यासाठी साधारणपणे ६० दिवसांची एक आणि ३० दिवसांची दुसरी सूचना. (पीनट बटरमध्ये शेंगदाणे ८७ टक्के हवेत की ९०, यावर अन्न-औषध प्रशासनाने पूर्वी साक्षीपुरावे घेऊन सुनावणी केली. प्रस्ताव १९५९ चा, नियम लागू १९७१ ला, सुनावणीच्या नोंदीची जवळपास आठ हजार पानं. तशी सुनावणी आता बहुतेक नियमांना लागत नाही, ही देवाची कृपा.)

परिणाम काय होतो? सरकारं ही वाट टाळतात. ३० ऑक्टोबर २०२५ ला ईएडीची, म्हणजे कामाच्या परवान्याची, ५४० दिवसांची आपोआप मुदतवाढ त्याच दिवसापासून बंद झाली, सुरक्षेचं कारण देऊन, हरकती नंतर. नूतनीकरणाचा अर्ज त्या दिवशी किंवा नंतर गेला असेल तर कार्डावरची तारीख उलटली की काम बंद, अर्ज टेबलावर पडून असला तरी. त्याआधी १९ सप्टेंबरला नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा भार आला तो तर खात्याचा नियमही नव्हे, अध्यक्षांची घोषणा. अध्यक्ष हे एपीएच्या व्याख्येत 'एजन्सी' नाहीत, हे १९९२ पासून ठरलेलं आहे. कोर्टात भांडायचं तर अंमल करणाऱ्या खात्यांशी, किंवा अध्यक्षांना हा अधिकार कायद्याने दिलाच आहे का यावर. तळटीप यांची ५५३ ची भिंत जिथून ओलांडायची तिथून लोक ओलांडतातच.

तळटीप

ओलांडतात, म्हणूनच वरचे निम्मे खटले जिंकले गेले. भिंत नसती तर दावा कशावर लावला असता?

गोदाकाठ

आपल्याकडे ती भिंतच नाही. कॉल ड्रॉप झाला की ग्राहकाला एक रुपया, दिवसाला कमाल तीन, हा ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) नियम ११ मे २०१६ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने रद्द केला. पारदर्शकतेचं बंधन ट्राय कायद्यात आहे म्हणून ते कोर्टाला तपासता आलं. इतर बहुतेक खात्यांना असं बंधन नाही, तेव्हा संसदेने अमेरिकेच्या एपीएच्या धर्तीवर कायदा करण्याचा विचार करावा, असं त्याच निकालात सुचवलं आहे. कायदा अजून झालेला नाही. २०१४ चं पूर्वसल्ल्याचं धोरण ३० दिवस मसुदा लोकांसमोर ठेवायला सांगतं, पण ते निव्वळ धोरण. न पाळल्याने कायदा पडत नाही.

सरळसोट

हरकती मागवून उजेड पडतो असंही समजू नका. २०१७ च्या नेट न्यूट्रॅलिटीच्या वेळी २.२ कोटींहून जास्त आल्या. त्यातल्या जवळपास १.८ कोटी बनावट होत्या, असं न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या तपासात २०२१ मध्ये निघालं.

तळटीप

कारण लोक त्याला मतदान समजतात. हरकत म्हणजे पुढच्या दाव्याचा पुरावा. कोर्ट बहुतेक वेळा खात्यापुढे आलेली कागदपत्रंच पाहतं, आणि तिथे न मांडलेला मुद्दा नंतर ऐकून घेईलच याची खात्री नसते. तेव्हा रेग्युलेशन्स डॉट गव्ह या सरकारी साइटवर डॉकेट क्रमांक (त्या नियमाच्या फाइलचा क्रमांक) तपासून, प्रस्तावाचं नेमकं पान आणि परिच्छेद लिहा. खात्याने कोणता खर्च मोजलाच नाही ते आकड्यांनी दाखवा, वेतनपत्रकं किंवा भाडेकरार जोडायचे तर नावं-क्रमांक झाकून (सगळं सार्वजनिक होतं), आणि एक पर्याय सुचवा. खात्याने त्या पर्यायाचा विचारही केला नाही तर स्टेट फार्मचा आधार मिळतो. ग्रुपमध्ये फिरणारा ठरावीक मजकूर चिकटवू नका. तशा हजार प्रती एकत्र बांधून एकच उत्तर देतात.

बोस्टनकर

हे सगळं करून दावा जिंकलात तरी नियम कुणापुरता पडतो, हे अजून लोंबकळत आहे. सुप्रीम कोर्टाच्या जून २०२५ च्या कासा निकालाने देशभर लागू होणारे मनाई हुकूम आवळले, पण एपीएखाली नियम सगळ्यांसाठी रद्द करता येतो का, हा प्रश्न मुद्दाम निकालपत्राच्या तळटिपेत बाजूला ठेवला. कलमबहाद्दर, तो जर दावेदारापुरताच रद्द व्हायला लागला, तर तुमचा 'एकच अर्थ' प्रत्येकाने आपापल्या वकिलाच्या फीने विकत घ्यायचा का?

कलमबहाद्दर

७०६ मध्ये बेकायदा कृती 'बाजूला सारा' असं लिहिलं आहे, 'दावेदारापुरती' हे शब्द त्यात नाहीत. जो न्याय मासेमारीच्या खर्चाला, तोच इथे.

बोस्टनकर

गोरसच यांना हे वाचन मान्य नाही. २०२३ मध्येच, टेक्सासच्या खटल्यात, त्यांनी तसं लिहून ठेवलं आहे.