मदत हवी आहे: बाबांचा नोकरीतला एकूण रेडिएशन डोस 94.6 मिलीसीव्हर्ट, दरवर्षी सीटी स्कॅन करावा का?

नमस्कार. माझे बाबा अणुवीज केंद्रात 28 वर्षं फिटर होते. आता वय 66, तंबाखू-सिगारेट कधीच नाही, थोडा रक्तदाब सोडला तर काही त्रास नाही. गेल्या आठवड्यात नव्या डॉक्टरांसमोर जुन्या नोकरीचा विषय निघाला आणि ते म्हणाले, "मग दरवर्षी छाती-पोटाचा सीटी करत चला." तेव्हापासून आईच्या डोळ्याला डोळा नाही.

घरी आल्यावर बाबांनी कपाटातून डोसची नोंद काढली. बहुतेक वर्षांपुढे 2, 3, 4 मिलीसीव्हर्ट. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे मोठ्या शटडाऊनचं वर्ष, 9.4." शटडाऊन म्हणजे दुरुस्तीसाठी अणुभट्टी बंद ठेवतात तो काळ; तेच वर्ष सर्वात जास्त डोसचं. आणि पोटाच्या एका सीटीतच साधारण 8 ते 10 मिलीसीव्हर्ट मिळतात! म्हणजे दरवर्षी सीटी केला तर निवृत्तीनंतर दरवर्षी शटडाऊनच. माझी खरी अडचण ही आहे.

मी वाचलं ते असं. अशा कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलीसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षी 50 च्या वर नाही. बाबा त्याच्या खूप खाली आहेत. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात. पण मर्यादेच्या आत म्हणजे धोका शून्य, असंही नाही. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अणुउद्योगातल्या 3,09,932 कामगारांच्या इनवर्क्स अभ्यासात (2023) गाठीच्या (म्हणजे रक्ताचे सोडून इतर) कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंचा दर प्रत्येक ग्रे डोसमागे (इथे 1 ग्रे म्हणजे साधारण 1000 मिलीसीव्हर्ट) 52 टक्क्यांनी वाढलेला दिसला. बाबांच्या डोसला तो हिशोब लावला तर वाढ सुमारे 5 टक्के येते. ही मूळ धोक्यावरची वाढ आहे, शंभरातल्या पाच जणांना कॅन्सर असा अर्थ नाही. आईला हे समजावताना माझाच दोनदा गोंधळ झाला. मात्र त्याच अभ्यासात फक्त 100 मिलीग्रेपर्यंतचे डोस धरले तर हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. मग बाबांसाठी कोणता धरायचा?

आणखी एक. त्यांचं केंद्र जड पाणी वापरणाऱ्या अणुभट्टीचं होतं, ट्रिटियमसाठी (त्या पाण्यात तयार होणारा किरणोत्सारी हायड्रोजन) लघवीचे नमुने द्यावे लागत. तो डोस या 94.6 मध्ये धरलेला असतो, की फक्त अंगावर लावायच्या डोस मोजणाऱ्या बॅजवरचाच? कार्डावर वेगळा रकाना नाही.

इथे कोणी हेल्थ फिजिक्समध्ये (रेडिएशनपासून संरक्षणाच्या क्षेत्रात) काम केलेलं किंवा व्यावसायिक आरोग्याचे डॉक्टर असतील तर कृपया सांगा: काही लक्षण नसताना सीटी करावा का? नाहीतर वर्षातून एकदा रक्ताचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि वयाप्रमाणे होणाऱ्या नेहमीच्या तपासण्या पुरतील का? डोळ्यांच्या भिंगालाही रेडिएशनची झळ पोहोचते असं वाचलं, तर मोतीबिंदूची तपासणी किती वर्षांनी करावी?

सीटीची तारीख येत्या सोमवारची मिळाली आहे. त्याआधी डॉक्टरांशी पुन्हा बोलायचं आहे, नोंदीची झेरॉक्स घेऊन जाणार आहे. त्यांना नेमकं काय विचारू, तेही सुचवा.