रोखे बँकेतून घेतले म्हणून व्यवहार स्वच्छ होत नाही

मीठभाकर (धागाकर्ता)
कालपासून एक पोस्ट फिरतेय. म्हणे निवडणूक रोखे (स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायचे, देणाऱ्याचं नाव जाहीर न होणारे कागद) रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने काळ्या पैशाला पुन्हा दार उघडून दिलं, पूर्वी खोक्यांतून येणारा पैसा निदान बँकेतून तरी येत होता, आणि कंपन्यांच्या देणग्यांवर बोलणारे सगळे उद्योगद्वेष्टे. ओळखीच्या, शिकल्यासवरल्या माणसांनी ती पुढे ढकलली म्हणून सविस्तर लिहितो.

बँकेतून आला, मान्य. पण दिसत कुणाला होता? देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, स्टेट बँकेला माहीत आणि स्टेट बँक सरकारची. अंधारात फक्त मतदार. रोख्यावर छुपा क्रमांक आहे आणि तो अल्ट्राव्हायोलेट उजेडात दिसतो, हे एका पत्रकार बाईंनी 2018 मध्येच प्रयोगशाळेतून तपासून आणलं होतं. शिवाय 2017 च्या वित्त विधेयकातून कंपनी कायद्याचं कलम 182 बदललं आणि तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उडवली. म्हणजे तोट्यातली कंपनीही हवे तेवढे कोटी देऊ शकत होती. पदरचं घालून कोणती कंपनी फुकट देते?

15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना रद्द केली. तपशील द्यायला स्टेट बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा उरकल्यावर. ती मिळाली नाही म्हणून यादी बाहेर आली. अरबिंदो फार्माच्या संचालकाला ईडीने 10 नोव्हेंबर 2022 ला अटक केली. 15 तारखेला कंपनीने 5 कोटींचे रोखे घेतले. ते भाजपने वटवले. पोस्ट लिहिणाऱ्याने या दोन तारखा शेजारी ठेवून मग पारदर्शकतेवर बोलावं.

ताळेबंद
यादी सोयीची तेवढीच वाचलीत. सर्वांत मोठा देणगीदार कोण? लॉटरीवाली फ्युचर गेमिंग, 1,368 कोटी. त्यातला मोठा वाटा तृणमूल आणि द्रमुकला. एकट्या तृणमूलने 1,600 कोटींच्या वर वटवले, काँग्रेसने 1,400 च्या वर. अरबिंदोचे रोखे तेलंगणच्या बीआरएस पक्षालाही गेलेत, ते तुम्ही लिहिलं नाहीत. आणि या देणग्यांच्या चौकशीला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमायची मागणी ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नाकारली.

मी लहान कारखानदारांचे हिशेब लिहितो. निवडणूक लागली की एमआयडीसीत सगळ्या पक्षांची माणसं फिरतात. रोख द्या, पावती नाही. एका अशिलाने दिलेली रक्कम बसवायला मजुरीची खोटी व्हाउचरं करायची म्हणाला. मी नाही म्हटलं, तो दुसऱ्या सीएकडे गेला. हे माझ्या टेबलावर घडतं. तुम्हाला कंपन्यांचे आकडे घरबसल्या वाचता आले, कारण तो पैसा बँकेतून गेला होता.

मीठभाकर
वाचता आले ते न्यायालयाने ओढून काढले म्हणून. सरकार तर मतदाराला हे कळण्याची गरजच नाही, असं कोर्टात सांगत होतं. आणि तृणमूलने घेतले म्हणून ते शुद्ध होत नाहीत, मी कुणाचाच वकील नाही. पण भाजपकडे 6,000 कोटींच्या वर गेले, सगळ्या रोख्यांच्या जवळपास निम्मे, आणि ईडीही केंद्राच्याच हातात.

महाराष्ट्रातलं बघा. एप्रिल 2023 मध्ये मेघा इंजिनिअरिंगने 140 कोटींचे रोखे घेतले आणि पुढच्याच महिन्यात 14,400 कोटींचा ठाणे-बोरिवली जुळा बोगदा तिच्याकडे गेला. गुन्हा झाला असं मी म्हणत नाही. पण त्या वेळी हा प्रश्न विचारायलासुद्धा आपल्याकडे काही नव्हतं.

पाचट
तुमचं दिल्ली-मुंबईचं चालू द्या. आमच्याकडे कंपनीला आमदार गाठावा लागत नाही, साखर कारखान्याचा चेअरमनच आमदार असतो. जिल्हा बँकेत भाऊ, बाजार समितीत मेहुणा. दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर पाहिजे ही अट कुणाच्या भल्याची? शेजारी दुसरा गिऱ्हाईक उभा राहू नये म्हणून. सप्टेंबर 2023 मध्ये तर ऊस राज्याबाहेर न्यायला बंदीची अधिसूचना काढली. शेतकरी संघटना उठल्या तेव्हा मागे घेतली. त्याला कुठला रोखा लागला होता?

वडिलांनी एका निवडणुकीत विरोधी पॅनेलचं काम केलं. त्या हंगामात आमची ऊसतोड निघेना. चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) विचारलं तर म्हणे प्रोग्राम वरून येतो. शेजारच्या बांधावरचा आमच्यानंतर लावलेला ऊस गेला, आमच्याला तुरे आले, वजन घटलं. शेवटी तोडणी टोळीला वरखुशाली, म्हणजे वरचे पैसे, देऊन तोडून घेतला. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, 14 दिवसांत द्यायची असा कायदा आहे, आम्हाला पुढच्या लागणीपर्यंत थांबावं लागलं.

प्रवराकाठ
सहकाराला कंपन्यांच्या पंगतीत बसवू नका. 1950 मध्ये विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला तो सावकारी मोडायला. एका सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. माझी बहीण कारखान्याच्या कॉलेजात शिकली, नाहीतर दहावीनंतर घरी बसली असती. वाटोळं झालं ते कर्जात गेलेले कारखाने राज्य सहकारी बँकेने विकले आणि पुढाऱ्यांच्याच खासगी कंपन्यांनी ते घेतले तेव्हा. शिव्या त्यांना द्या.

पाचट
विकले कुणी आणि घेतले कुणी? तीच माणसं! एक मत म्हणता, माझे आजोबा वारल्यावर वारसनोंदीचा अर्ज केला, तो पडूनच आहे. आजोबा अजून मतदार यादीत आहेत, मी नाही. बहिणीचं कॉलेज आमच्या उसाच्या बिलातल्या कपातीतून उभं राहिलं, चेअरमनच्या खिशातून नाही.

प्रवराकाठ
माझ्या बहिणीला मध्ये आणायचं कारण नव्हतं. तुमच्या तालुक्यात एक कारखाना वाईट म्हणून गाडगीळांचं अख्खं काम नासकं ठरवणार का? वारसनोंदी अडवतात हे खरं आहे, आमच्याकडेही अडवतात. पण खासगी कारखान्यात तर अडवायलाही मत नाही, याचा विचार करा.

दाभोळखाडी
भांडण थांबवा, एन्रॉन आठवा, दाभोळला वीजप्रकल्प आणणारी अमेरिकी कंपनी. 1995 च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू असं सांगून मतं घेतली, ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. काही महिन्यांत फेरवाटाघाटी होऊन तोच प्रकल्प मोठा होऊन परत आला. कंपनीच्या अधिकारी बाईंनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं की भारतात लोकांना 'शिक्षित' करायला 2 कोटी डॉलर खर्च केले. कुणाला शिकवलं ते आजतागायत कळलेलं नाही. वेलदूर-अंजनवेलची माणसं मात्र मोर्चे काढून तुरुंगात गेली. ताळेबंद, पैसा नुसता देणगीतूनच जातो असं तुम्ही धरून चालला आहात.

ताळेबंद
तसं धरलेलं नाही. नफ्याची मर्यादा काढायला नको होती, एवढं मी मान्य करतो. त्यापुढे नाही. रोखे गेले, आता मोठा पैसा इलेक्टोरल ट्रस्टमधून (कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारी संस्था) जातो. ट्रस्ट देणाऱ्यांची यादी देतो, घेणाऱ्यांची देतो, पण कुणाचे पैसे कुणाला गेले ते त्यातून जुळत नाही. तो मार्ग 2013 मध्ये यूपीए सरकारने काढला. त्यावर एवढा मोठा धागा काढलात का?

मीठभाकर
काढायला हवा, तुमचा मुद्दा बरोबर आहे. ट्रस्टवरही नाव-नाव, रक्कम-रक्कम जुळवून छापायची सक्ती हवी. हे काही आजचं डोकं नाही. टाटा स्टीलला पक्षांना देणगी द्यायची होती, ते प्रकरण 1957 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलं. मुख्य न्यायमूर्ती छागलांनी परवानगी दिली, कारण कायदा आड येत नव्हता. पण त्याच निकालात लिहून ठेवलं की हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा घोटू शकतो, संसदेने लक्ष घालावं. 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये उठली. बंदीच्या काळात पैसा रोखीत गेला हेही खरं, म्हणून मी बंदी मागत नाही. नावं मागतो, आणि तीही मतदानाआधी.

पाचट
मागा. त्यात कारखानेही घाला. उसाच्या बिलातून टनामागे कपात होते, तिचं नाव दर हंगामाला बदलतं. ती कुणाच्या प्रचाराला गेली ते चावडीवर लावायला सांगा. प्रवराकाठ, तुमच्या चेअरमनपासून सुरुवात करा, मी आमच्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाकतो.

प्रवराकाठ
सहकारी कारखान्याला माहिती अधिकार लागू नाही म्हणून अर्ज परत येईल. वार्षिक सभेत लेखी प्रश्न टाका. तोही सभासदालाच टाकता येतो, तेव्हा आधी वारसनोंद करून घ्या. अर्जाची पोच असेल तर साखर सहसंचालकांकडे तक्रारीला जोडा.