दूध प्रक्रिया केंद्रातील कंडेन्सेट लाइन तळातून झिजते: अमाइन न वापरता उपाय कोणता?

प्रश्न (बॉयलर_देखभाल):

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील एका दूध प्रक्रिया केंद्रात बॉयलर हाऊसच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. बॉयलर ताशी 3 टन क्षमतेचा असून 10 किलो दाबावर चालतो. पाणी बोअरचे आहे. सॉफ्टनरनंतर हार्डनेस 5 पीपीएमच्या आत राहते, परंतु बायकार्बोनेट अल्कलिनिटी (पाण्यातील बायकार्बोनेटचे प्रमाण) 320 पीपीएम आहे. साधारण 60 टक्के कंडेन्सेट (वापरलेल्या वाफेचे झालेले पाणी) फीड टँकमध्ये, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत, परत येते, टँकचे तापमान 60 अंशांच्या आसपास असते आणि प्राणवायू काढण्यासाठी सोडियम सल्फाइट थेट बॉयलरमध्ये सोडले जाते.

वार्षिक तपासणीत बॉयलरच्या ट्यूब चांगल्या आढळल्या. अडचण परतीच्या लाइनची आहे. आटे पाडलेल्या जोडांपाशी वारंवार गळती होते. कापून पाहिलेल्या तुकड्यात पाइपची वरची बाजू जवळजवळ मूळ जाडीची होती, तर तळाशी बोट सहज बसेल अशी लांबट, गुळगुळीत पन्हळ पडलेली होती. स्टीलच्या जगमध्ये घेतलेल्या कंडेन्सेटचा पीएच मात्र 6.9 येतो. पुरवठादाराने मॉर्फोलिन आणि सायक्लोहेक्झिलअमाइन या अमाइनांचे (वाफेबरोबर जाऊन कंडेन्सेटमधील आम्ल उदासीन करणाऱ्या रसायनांचे) मिश्रण सुचवले आहे. आमच्या सायलोंचे आणि दुधाच्या पाइपलाइनचे निर्जंतुकीकरण याच वाफेवर होत असल्याने मला ते योग्य वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (जलोपचार_अभियंता):

आपण पाइपच्या तुकड्याचे जे वर्णन केले आहे, त्यातच निदान आहे. प्राणवायूमुळे होणारा गंज सुटे, खोल खड्डे पाडतो आणि त्यांवर तांबूस टोपीसारखा थर धरतो. तळाशी सलग, गुळगुळीत पन्हळ पडणे आणि आट्यांची जाडी संपणे ही कार्बोनिक आम्लाची खूण आहे.

हा कार्बन डायऑक्साइड आपल्या पाण्यातूनच येतो. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो, बायकार्बोनेटला तो हातही लावत नाही. बॉयलरच्या उष्णतेत सोडियम बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि त्या कार्बोनेटचाही मोठा भाग पुढे कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये) बदलतो. दोन्ही टप्प्यांवर कार्बन डायऑक्साइड सुटून वाफेबरोबर जातो. मागे राहिलेल्या कॉस्टिकमुळे बॉयलरचा पीएच उंच राहतो आणि ट्यूब सुरक्षित असतात. वाफ पाणी झाली की तोच वायू त्यात विरघळतो, आणि शुद्ध कंडेन्सेटमध्ये त्याला आवर घालणारे काहीच नसल्याने थोड्याशा वायूनेही पीएच झपाट्याने घसरतो.

आता हिशेब पाहू. बायकार्बोनेट अल्कलिनिटीच्या प्रत्येक पीपीएममागे वाफेत सुमारे 0.79 पीपीएम कार्बन डायऑक्साइड येतो, असे धरले जाते. आपल्याकडे मेकअप (नव्याने घातले जाणारे पाणी) 40 टक्के असल्याने फीड पाण्याची अल्कलिनिटी सुमारे 128 होते, म्हणजे वाफेत जवळजवळ 100 पीपीएम कार्बन डायऑक्साइड. तो केवळ बायकार्बोनेटच्या अवस्थेपर्यंत उदासीन करायचा म्हटला, तरी मॉर्फोलिन त्याच्या साधारण दुप्पट वजनाने लागते. अमाइनचा काही भाग कंडेन्सेटबरोबर परत येतो, हे मान्य करूनही ही मात्रा परवडणारी नाही.

शिवाय आपली शंका अगदी रास्त आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत या दोन्ही अमाइनना वाफेत प्रत्येकी 10 पीपीएमची मर्यादा आहे, आणि दूध व दुग्धजन्य पदार्थांच्या संपर्कात येणाऱ्या वाफेत त्यांचा वापर वगळलेला आहे. म्हणून रसायनाने वायूशी झुंजण्याऐवजी तो बॉयलरमध्ये तयारच होऊ नये, यावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर 2 (आरओ_व_डीएम):

वरील मताशी मी सहमत आहे. अल्कलिनिटी काढण्याचे दोन मार्ग व्यवहारात चालतात. वीक ॲसिड कॅटायन रेझिन आणि त्यामागे डीगॅसर (पाण्यातील वायू बाहेर काढणारे उपकरण) हा जुना, खात्रीचा मार्ग आहे, पण त्यात रिजनरेशनसाठी, म्हणजे रेझिन पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी, आम्ल हाताळावे लागते आणि सांडपाण्याची व्यवस्था करावी लागते. दूध केंद्रात मी आरओकडे (पडद्यातून पाणी गाळून क्षार वेगळे करणाऱ्या रिव्हर्स ऑस्मोसिसकडे) झुकेन. आपला सॉफ्टनर वाया जाणार नाही; तो आरओच्या आधी तसाच ठेवावा.

एक गोष्ट मात्र निविदेतच लिहून घ्यावी. आरओचा पडदा बायकार्बोनेट अडवतो, पण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू त्यातून सरळ पार होतो. त्यामुळे आरओचे पाणी बरेचदा आम्लधर्मी निघते आणि मग फीड टँकच गंजू लागतो. आरओच्या आधी थोडे कॉस्टिक देऊन पीएच 8.3 च्या आसपास नेला, तर त्या वायूचे बायकार्बोनेट होते आणि पडदा ते अडवतो. पाणी आधीच सॉफ्ट केलेले असल्याने पडद्यावर चुन्याचा थर बसण्याची भीतीही राहत नाही. आरओनंतर अल्कलिनिटी 15 पीपीएमवर आली असे धरले, तर वरच्याच हिशेबाने वाफेतील कार्बन डायऑक्साइड 5 पीपीएमच्या आसपास उतरतो.

मात्र बॉयलरला आजवर फुकट मिळणारे कॉस्टिकही त्याबरोबर कमी होईल. तेव्हा बॉयलरच्या पाण्याचा पीएच 10.5 ते 11.5 दरम्यान राखण्यासाठी ते वेगळे द्यावे लागेल; अन्यथा लाइन वाचेल आणि ट्यूब अडचणीत येतील. टीडीएस (पाण्यातील विरघळलेले क्षार) घटल्याने ब्लोडाऊन (बॉयलरमधून सोडून द्यावे लागणारे क्षारयुक्त पाणी) बरेच कमी करता येईल, आणि त्यातून वाचणारे इंधन व्यवस्थापनापुढे मांडण्यासारखे आहे.

उत्तर 3 (बॉयलर_देखभाल):

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन शंका उरतात. कंडेन्सेट इतके आम्लधर्मी असेल, तर पीएच 6.9 कसा येतो? आणि आरओची मंजुरी मिळेपर्यंत तातडीने काय करता येईल?

उत्तर 4 (जलोपचार_अभियंता):

उघड्या जगमध्ये गरम कंडेन्सेट पडताच त्यातील कार्बन डायऑक्साइड वाफाळ्याबरोबर उडून जातो, आणि आपण उरलेल्या पाण्याचा पीएच मोजतो. स्टीम ट्रॅपजवळ (वाफ अडवून कंडेन्सेट बाहेर सोडणाऱ्या झडपेजवळ) छोटा सॅम्पल कूलर बसवा, पाणी 25 अंशांपर्यंत थंड करून नळीचे टोक बाटलीच्या तळाशी ठेवा आणि बाटली ओसंडून वाहू द्या. पीएच तिथेच, लगेच मोजा. नमुना फीड टँकपाशी न घेता सर्वांत दूरच्या वापर-ठिकाणी घ्यावा. त्याच नमुन्यात लोहही तपासावे, कारण लाइन किती झिजते आहे ते लोहाच्या आकड्यावरून थेट कळते.

तातडीचे काम फीड टँकपासून सुरू करा. 60 अंशांच्या पाण्यात साधारण 5 पीपीएम प्राणवायू राहू शकतो, 90 अंशांवर तो 2 पीपीएमच्या खाली जातो. प्राणवायूच्या एका भागाला सोडियम सल्फाइटचे जवळजवळ 8 भाग लागतात, त्यामुळे केवळ टँक गरम ठेवल्याने सल्फाइटचा खप निम्म्याहूनही कमी होतो. सल्फाइट बॉयलरऐवजी फीड टँकमध्ये, पाण्याच्या पातळीखाली द्यावे, म्हणजे प्रक्रियेला वेळ मिळतो आणि फीड लाइनही वाचते. परंतु सल्फाइट वाफेबरोबर जात नाही. कंडेन्सेट लाइनला त्याचे संरक्षण मिळत नाही, हे लक्षात असू द्यावे. टँक तापवण्यापूर्वी तो पंपापेक्षा पुरेसा उंच आहे ना, याची खात्री करा, नाहीतर फीड पंप कॅव्हिटेशनने (पंपात गरम पाण्याचे वाफेचे बुडबुडे होऊन) खडखडू लागेल.

उत्तर 5 (स्टीम_ट्रॅप_सर्व्हे):

यात पाइपिंगची थोडी भर घालतो. हीट एक्स्चेंजरमध्ये वाफेचे पाणी होते, पण कार्बन डायऑक्साइड आतच साचत जातो आणि पुढच्या कंडेन्सेटमध्ये अधिक प्रमाणात विरघळतो. म्हणून मोठ्या एक्स्चेंजरच्या वाफेच्या बाजूला थर्मोस्टॅटिक एअर व्हेंट अवश्य बसवावेत. लाइनला ट्रॅपपासून पुढे उतार आहे का, तेही पाहा. दोन आधारांमध्ये पाइपला झोळ आला असेल, तर रात्री बॉयलर बंद झाल्यावर तिथे पाणी साचते आणि थंड होताना लाइनमध्ये ओढली गेलेली हवा त्याला मिळते. अशा ठिकाणी कार्बोनिक आम्ल आणि प्राणवायू एकत्र काम करतात.

जिथे वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा तुकडा बदलावा लागतो, तिथे आट्यांचा जोड टाळून 304 दर्जाचा स्टेनलेस स्टील पाइप वेल्डिंगने जोडावा. कार्बोनिक आम्लापुढे तो उत्तम टिकतो. पूर्ण लाइन बदलण्याची घाई मात्र आरओ सुरू होऊन कंडेन्सेटमधील लोहाचे आकडे हाती येईपर्यंत करू नये.